अवधानन्यूनता विकृतीतील जिज्ञासा व एकाग्रता

अवधानन्यूनता–अतिचंचलता विकृती ही बालपणी सुरू होणारी व मेंदूच्या विकासाशी निगडित अशी विकृती असून ‘एडीएचडी’ या इंग्रजी आद्याक्षरांनी ती सामान्यतः ओळखली जाते. अवधान न टिकणे, अतिचंचलता व आवेगशीलता ही तिची प्रमुख लक्षणे होत. सुमारे ५ टक्के मुलांत व सुमारे २·५ टक्के प्रौढांत ती आढळते. तिच्या नावावरून अशा व्यक्तीत अवधानच कमी असते, असा समज होतो. वस्तुतः अवधान गरजेनुसार एखाद्या विषयाकडे वळविणे, तेथे राखणे व तेथून काढून घेणे हे नियमन त्यांच्या ठायी दुर्बल असते. म्हणूनच चंचल वृत्ती, तीव्र जिज्ञासा आणि प्रसंगी विलक्षण एकाग्रता या परस्परविरोधी वाटणाऱ्या गोष्टी एकाच व्यक्तीत दिसून येतात.

स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्राइटन यांनी १७९८ मध्ये अवधानाच्या अस्थिरतेचे वर्णन केले. ब्रिटिश बालरोगतज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये लंडन येथील व्याख्यानांत अशा मुलांची लक्षणे मांडली. तथापि त्यांनी ती नैतिक नियंत्रणातील दोष म्हणून गणली. अतिचंचलतेपेक्षा अवधान टिकविण्यातील व आवेग आवरण्यातील अडचण अधिक मूलभूत आहे, असे कॅनडातील मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया डग्लस यांनी १९७२ मध्ये प्रतिपादिले. अमेरिकन मनोविकारचिकित्सक संघटनेच्या वर्गीकरणात १९८० मध्ये ‘अवधानन्यूनता’ ही संज्ञा आली व १९८७ मध्ये तीस ‘अतिचंचलता’ ही जोड मिळाली.

विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये अवधानाचे अनैच्छिक व ऐच्छिक असे प्रकार सांगितले. पहिले विषयाच्या आकर्षणाने आपोआप जडते, तर दुसरे प्रयत्नाने लावावे लागते. या विकृतीत पहिले बहुधा शाबूत असते; दुसरे मात्र लवकर थकते. जिज्ञासेचेही डॅनियल बर्लाइन यांनी दोन प्रकार मानले : विशिष्ट प्रश्नाचे उत्तर शोधणारी आणि कंटाळा टाळण्यासाठी नावीन्य धुंडाळणारी. या व्यक्तींमध्ये नावीन्याची ओढ पुष्कळदा प्रबळ असते. ती एका विषयावरून दुसऱ्यावर नेते. पण विषय मनाजोगा भेटला, की तेथेच खिळवूनही ठेवते. वर्गात पाच उदाहरणे पुरी न करणारा मुलगा घरी मोडके घड्याळ खोलून दोन तास त्यात गढून जातो व जेवणाची हाकही त्यास ऐकू येत नाही. या अवस्थेस ‘अतिएकाग्रता’ म्हणतात. ती निदानाच्या निकषांत मोडत नाही व इतरांतही आढळते.

या वर्तनामागे प्रेरणा व प्रतिफल यांच्याशी संबंधित तंत्रिकामार्गांचा भाग असावा. नोरा व्होल्कोव्ह व सहकाऱ्यांना २००९ मध्ये अशा प्रौढांच्या मेंदूतील डोपामीन-मार्गांत फरक आढळले. दूरच्या फळापेक्षा तात्काळ मिळणारे फळ या व्यक्तींना अधिक ओढून घेते, हेही अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे जुळ्यांच्या अभ्यासांवरून दिसते.

‘मनात आणले तर येते’ हा पालक-शिक्षकांचा निष्कर्ष येथेच चुकतो. आवडीच्या कामातील तन्मयता हा आळशीपणाचा किंवा हट्टीपणाचा पुरावा नव्हे, तसेच विकृती नसल्याचाही नव्हे. सततच्या बोलण्यांनी मूल स्वतःलाच नालायक समजू लागते व त्याची जिज्ञासाही मंदावते. अतिचंचलता नसलेली, स्वप्नाळू वाटणारी मुले, विशेषतः मुली, बऱ्याचदा निदानाविना राहतात. उलट, ही विकृती म्हणजे प्रतिभेची देणगीच, असे मानणेही बरोबर नाही. अपुरी राहिलेली कामे, अपघात व परीक्षांतील अपयश यांची झळ खरी असते आणि अतिएकाग्रतेतही झोप, भोजन व इतर कर्तव्ये मागे पडतात.

लक्षणे वयाच्या बारा वर्षांपूर्वी सुरू झालेली असणे व घर, शाळा यांसारख्या एकाहून अधिक ठिकाणी आढळणे निदानास आवश्यक असते. तज्ञांच्या देखरेखीखाली मेथिलफेनिडेटसारखी औषधे देतात. कामाचे लहान भाग पाडणे, प्रत्येक भागानंतर लगेच शाबासकी देणे, काम बदलण्याची वेळ घंटेने सुचविणे व अभ्यास मुलाच्या आवडीच्या विषयाशी जोडणे हे उपायही साहाय्यभूत ठरतात. जिज्ञासेमुळे ऐच्छिक अवधानाची उणीव पूर्णपणे भरून निघत नाही; तथापि शिक्षणाचा आरंभ तिच्यापासून केल्यास ते अवधान लावणे मुलास सुकर होते.