कासवीची नजर

संतवाङ्मयात कासवी पुन्हा पुन्हा भेटते. ती पिलांना दूध पाजत नाही, चारा भरवत नाही; दूरवरून नुसत्या नजरेने त्यांना वाढवते. कृपादृष्टीसाठी इतकी सुंदर उपमा क्वचितच सापडेल. प्राणिशास्त्र मात्र वेगळे सांगते. समुद्री कासवाची मादी रात्री वाळूवर येते, मागच्या पायांनी हातभर खोल खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि तासाभरात समुद्रात परत जाते. पन्नासेक दिवसांनी पिले वाळूतून वर येतात, तेव्हा ती कुठे असते? समुद्री कासवांचे संरक्षण आज याच प्रश्नापाशी अडले आहे, असे माझे मत आहे.

नागपुरात राहून समुद्री कासवांचा अभ्यास कशाला, असे मला नेहमी विचारतात. राज्याच्या वनखात्याचे मुख्यालय नागपुरातच आहे, हे एक उत्तर. दुसरे वाघाचे. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ शेते, रस्ते, नाले ओलांडत हजाराहून अधिक किलोमीटर फिरला आणि वर्षाअखेरीस बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. अभयारण्याची हद्द म्हणजे वाघाचा अधिवास नव्हे, हे विदर्भाला तेव्हा नकाशावर दिसले. कासवाच्या बाबतीत हा हिशेब कितीतरी अधिक विषम आहे. ऑलिव्ह रिडले मादी एका हंगामात साधारण दोनदा, फार तर तीनदा अंडी घालते. म्हणजे वर्षाच्या ८,७६० तासांपैकी दोन-तीन तास ती किनाऱ्यावर असते. नर तर जन्मानंतर समुद्रात शिरला की सहसा परत जमिनीवर येतच नाही.

आपले सारे लक्ष त्या दोन-तीन तासांवर आहे. यात कोकणाचा उणेपणा नाही. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावात चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ पासून घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी अंडी सर्रास खाल्ली आणि विकली जात. गावकऱ्यांनीच हे काम उचलले, २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला, घरोघरी पाहुण्यांची सोय झाली. कुत्री, कोल्हे आणि माणसे यांच्यापासून अंडी वाचवायला कुंपणातली हॅचरी हाच उपाय होता. पण घरटी मोजता येतात म्हणून आपण घरटी मोजतो, आणि त्यांची संख्या वाढली की कासव वाचले असे समजतो. पिलू वाढून विणीला यायला दहा-पंधरा वर्षे लागतात. तेवढ्या काळात एखादी प्रौढ मादी समुद्रात मेली, तर तिची भरपाई एका हंगामाच्या पिलांनी होत नाही.

समुद्रातले आयुष्य समजावे म्हणून जानेवारी २०२२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याचे कांदळवन प्रतिष्ठान यांनी वेळासला एका मादीच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग बसवला. पश्चिम किनाऱ्यावरचा हा पहिलाच प्रयोग, म्हणून तिचे नाव 'प्रथमा'. त्यानंतर सावनी, वनश्री, लक्ष्मी, रेवा. कासव श्वास घ्यायला पृष्ठभागावर आले की यंत्र उपग्रहाला संदेश पाठवते. पाण्याखाली ते मुकेच असते. प्रथमा गुजरातच्या पाण्यापर्यंत गेली, रेवा दक्षिणेकडे. २०२३ मध्ये गुहागरला टॅग लावलेली 'बागेश्री' केरळ आणि श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात पोचली. महाराष्ट्राचे कासव असे काही नसतेच, एवढे या ठिपक्यांनी स्पष्ट केले.

ऑलिव्ह रिडले खेकडे, कोळंबी, शिंपल्यातले जीव आणि जेलीफिश खाते. हे खाद्य किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात विपुल असते आणि ट्रॉलरही तिथेच जाळे ओढतो. कासवाला फुप्फुसे आहेत. जाळ्यात फार वेळ अडकले तर ते बुडून मरते. पावसाळ्यात डहाणूच्या उपचार केंद्रात येणाऱ्या कासवांचे पर पुष्कळदा तुटक्या जाळ्यांनी कापलेले असतात. त्यांत ग्रीन जातीची कासवेही असतात. कोकणात घरटी जवळपास सगळी ऑलिव्ह रिडलेचीच. म्हणजे इथे अंडी न घालणारी कासवेही हे पाणी वापरतात, आणि घरट्यांच्या यादीत ती कधीच येणार नाहीत.

आणखी एक विसंगती तारखांची आहे. आपल्याकडे मासेमारी बंद असते ती पावसाळ्यात, जूनपासून दोनेक महिने. कासवे किनाऱ्याजवळ जमतात नोव्हेंबर ते मार्चमध्ये, म्हणजे मासेमारीच्या ऐन हंगामात. ओडिशाने वेगळा मार्ग धरला. तिथे धामरा, देवी आणि ऋषिकुल्या या नद्यांच्या मुखांसमोर १ नोव्हेंबर ते ३१ मेपर्यंत किनाऱ्यापासून २० किलोमीटरच्या आत मासेमारीला बंदी असते. मच्छीमारांच्या पोटावर त्याचा मोठा ताण येतो. कोकणात माद्या एकेकट्या, विखरून येतात. तिथे तशी सरसकट बंदी लादणे मला योग्य वाटत नाही.

कोकणाला जवळचा उपाय २०१८ पासून आपल्याच हातात आहे. अडकलेले कासव जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला शासन २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देते. मला या योजनेत पैशापेक्षा माहिती मोलाची वाटते. प्रत्येक सुटकेला एक जागा असते, एक तारीख असते, एक जात असते. टॅगचे ठिपके मूठभर कासवांचे आहेत. हे ठिपके शेकड्यांनी मिळू शकतात. ते एका नकाशावर मांडले, तर कोणत्या महिन्यात कोणत्या पट्ट्यात जाळे लवकर वर काढावे, हे मच्छीमारांशी बसून ठरवता येईल. ट्रॉलच्या गळ्याशी बसवायची गजांची चौकटही आहे. कोळंबी गजांमधून पुढे जाते, कासव त्यांवर आपटून वरच्या झडपेतून सुटते. ती वापरली जात नाही म्हणून अमेरिकेने २०१९ मध्ये भारताच्या समुद्रात पकडलेली कोळंबी घेणे थांबवले. कासवासाठी जे झाले नाही, ते डॉलरसाठी हलू लागले.

२७ जानेवारी २०२५ च्या रात्री गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या परावर धातूची पट्टी सापडली. क्रमांक ०३२३३. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने ती मार्च २०२१ मध्ये ओडिशातल्या गहिरमाथ्याला लावली होती. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवे वेगळी, असा समज होता. एका मादीवरून तो पुसता येत नाही, पण प्रश्न उभा राहिला. तिच्या अंड्यांतून शंभरावर पिले समुद्रात गेली. मधली जवळजवळ चार वर्षे ती कोणत्या पाण्यात होती, कोणत्या जाळ्यांतून सुटली, हे मात्र त्या पट्टीवर लिहिलेले नव्हते.