रात्रीत खाली बसणारी गाडी

संध्याकाळी दारात उभी केलेली महागडी मोटार सकाळी पाहावी, तर तिचा एक कोपरा चाकावर टेकलेला! इंजिन सुरू केले की घरघर आवाज येतो, गाडी हळूहळू वर उचलली जाते आणि मालकही निर्धास्त होतो. काही दिवसांनी मात्र ती वर येतच नाही. गॅरेजमध्ये निदान होते, ‘कॉम्प्रेसर गेला.’ नवा कॉम्प्रेसर बसतो आणि काही काळाने तोही जातो. कारण मूळ आजार कॉम्प्रेसरचा नसतो, हवेच्या गळतीचा असतो.

एअर सस्पेन्शनमध्ये पोलादी स्प्रिंगच्या जागी रबराचा फुगा असतो. त्याला गॅरेजच्या भाषेत ‘बेलो’ म्हणतात. विजेवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर, हवेतील ओलावा शोषणारा ड्रायर, चारही कोपऱ्यांना हवा वाटून देणारा व्हॉल्व्हचा ठोकळा, बारीक नळ्या आणि उंची मोजणारे सेन्सर हे या यंत्रणेचे उरलेले भाग. अमेरिकेत १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूममध्ये ही रचना आली होती. आपल्याकडे बहुतेकांना तिची ओळख २००१ मध्ये आलेल्या व्होल्वोच्या बी७आर बसमुळे झाली.

खान्देशात या रबराची परीक्षा कठीण असते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. जळगाव-धुळे महामार्गाच्या तरसोद ते फागणे टप्प्याचे चौपदरीकरण दीर्घकाळ रखडले होते. त्या काळात खड्डे आणि धूळ वाहनचालकांच्या नित्याच्या परिचयाची झाली. बेलोचे रबर ज्या घडीवर सतत दुमडते, तिथे धुळीचे कण घासले जातात. उष्णतेने आणि वयाने ते कडक होते आणि घडीतच बारीक भेगा पडतात.

गळती ओळखण्याची पहिली पायरी म्हणजे मोजपट्टी. सपाट जागी गाडी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर लिहून ठेवावे व आठ-दहा तासांनी पुन्हा मोजावे. एकच कोपरा खचला, तर दोष त्या बेलोत किंवा त्याच्या नळीत असण्याची शक्यता अधिक. एकाहून अधिक कोपरे खचले, तर व्हॉल्व्हचा ठोकळाही तपासावा. चारही कोपरे सारखेच आणि अगदी किंचित उतरले असतील, तर घाबरू नये. हिवाळ्यात दुपारी ३० अंश आणि पहाटे १० अंश तापमान असेल, तर बेलोतील हवा थंडीने आकुंचन पावून तिचे आकारमान ६ ते ७ टक्क्यांनी घटते. ही गळती नव्हे.

दुसरी पायरी साबणाच्या पाण्याची. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतो, तेच तत्त्व इथे लागू पडते. गाडी पूर्ण उंचीवर आणून बेलोची घडी, नळीचे जोड व व्हॉल्व्हचा ठोकळा यांवर ब्रशने साबणाचे पाणी लावावे. जिथे फेस फुगत राहतो, तिथे गळती. काही भेगा ठरावीक उंचीलाच उघडतात, म्हणून खालच्या उंचीलाही तपासणी करावी.

दुरुस्ती दोष कुठे आहे त्यावर ठरते. जोडाजवळ नळी झिजली असेल, तर तेवढा भाग सरळ कापून नवा जोड बसवता येतो व हे काम स्वस्तात होते. भेग पडलेल्या बेलोला मात्र ट्यूबसारखे ठिगळ लावू नये. टायरपेक्षा त्यात कितीतरी अधिक दाब असतो, म्हणून तो बदलणेच योग्य. गळतीमुळे कॉम्प्रेसर वारंवार चालला असेल, तर ड्रायर ओला होतो व तो ओलावा व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतो. त्यामुळे ड्रायरचीही तपासणी करून घ्यावी. शेवटी स्कॅनरने उंची पुन्हा निश्चित करावी लागते.

सर्वांत महत्त्वाची सूचना जिवाची आहे. केवळ हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. गळती अचानक वाढली किंवा व्हॉल्व्ह उघडला, तर काही क्षणांत गाडी खाली येते. नुसत्या जॅकवरही भिस्त ठेवू नये. चेसिसखाली लोखंडी घोड्या लावल्यावरच काम सुरू करावे. दाब सोडल्याशिवाय कोणताही जोड उघडू नये.

तेव्हा ‘कॉम्प्रेसर बदला’ असा सल्ला मिळाला, तर आधी एकच प्रश्न विचारावा : ‘गळती कुठे आहे, ते दाखवता का?’ साबणाच्या पाण्याने मिळणारे हे उत्तर हजारो रुपये वाचवू शकते.