झाशीहून ओरछा, म्हणजे परराज्य

झाशीच्या गजबजलेल्या इलाइट चौराह्यापासून ओरछा जेमतेम २० किलोमीटर, पण मध्ये राज्याची हद्द. स्वतःच्या वेबसाइटवरून किल्ल्याच्या छायाचित्राचा प्रिंट तिकडे विकला की ती आंतरराज्य विक्री. उलाढाल कितीही किरकोळ असो, जीएसटी नोंदणी आधी हवी. पुण्या-मुंबईच्या ऑर्डरलाही तोच नियम.

१२ बाय १८ इंची प्रिंटला ३०० डीपीआयने ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. साइटवर मात्र लांब बाजू हजार-बाराशे पिक्सेलचीच ठेवावी. मूळ फाइलच चढवली, तर गिऱ्हाईक पैसे कशाला मोजेल?

वास्तूंच्या छायाचित्रांचा धंदा जुनाच. छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी टिपलेल्या मध्य भारतातील वास्तू लेपेल ग्रिफिन यांच्या पुस्तकात १८८६ साली छापल्या गेल्या; १८९६मध्ये दीनदयाळ यांचा मुंबईतला स्टुडिओ सुरू झाला.