साथ आली की खाते जागे होते?
भंडारा जिल्ह्याच्या अनुभवातून काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

राज्यातले पहिले कोरोना रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले, नागपुरातला पहिला ११ मार्चला. भंडारा जिल्ह्यातला पहिला रुग्ण मात्र २७ एप्रिलला गराडा बुद्रुक या गावी आढळला. नागपूर इथून जेमतेम साठ किलोमीटरवर, रोजची ये-जा, तरीही सुमारे सात आठवड्यांची सवड मिळाली. पुढच्या वर्षी याच जिल्ह्याने एका दिवसात दीड हजारावर नवे रुग्ण पाहिले आणि त्यानंतर चार महिन्यांच्या आत रुग्णसंख्या शून्यावर आलेलीही पाहिली. एवढे सगळे अनुभवूनही जिल्ह्याचे आरोग्य खाते साथीच्या काळात नेमके काय करते, याबद्दल पारावर, चहाच्या टपरीवर आणि व्हॉट्सॲपवर अजून बरेच गैरसमज ऐकू येतात. त्यांतले मुख्य सहा असे.

गैरसमज १ : सगळे आदेश मुंबई-दिल्लीहून येतात, जिल्ह्याच्या हातात काही नसते.

वस्तुस्थिती : धोरण वरून येते, पण अंमल जिल्ह्यातच होतो आणि त्यासाठीचे अधिकारही जिल्ह्यात असतात. साथरोग कायदा १८९७ चा, मुंबईच्या प्लेगनंतर आलेला. महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये तोच लागू केला. जोडीला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे. त्यानुसार जिल्हाधिकारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. मंगल कार्यालय ताब्यात घेणे, वाहने लावणे, बाजार बंद ठेवणे हे आदेश त्यांच्या सहीने निघतात.

आरोग्याची बाजू दोन खांद्यांवर असते आणि नेमका इथेच लोकांचा गोंधळ होतो. जिल्हा आरोग्य अधिकारी जिल्हा परिषदेचे. प्राथमिक आरोग्य केंद्रे, उपकेंद्रे, गावपातळीवरचे कर्मचारी त्यांच्या अखत्यारीत. जिल्हा शल्य चिकित्सक राज्य शासनाचे. भंडाऱ्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालये आणि ग्रामीण रुग्णालये त्यांच्याकडे. गावात रुग्ण शोधणे हे पहिल्याचे काम, गंभीर रुग्णावर उपचार करणे हे दुसऱ्याचे. भंडारा, तुमसर, पवनीसारख्या शहरांत स्वच्छता आणि पाणी नगर परिषदेकडे. म्हणून तक्रार करताना आधी दार कोणाचे, हे माहीत असलेले बरे. गावातल्या पाण्याची तक्रार घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात भांडण्यात अर्थ नाही.

गैरसमज २ : साथ लागली की मगच खाते धावपळ करते. तहान लागल्यावर विहीर खणायची, दुसरे काय!

वस्तुस्थिती : धावपळ आपल्याला दिसते, आधीचे काम दिसत नाही. देशात २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू आहे आणि प्रत्येक जिल्ह्यात त्याचा कक्ष आहे. माहिती तीन वाटांनी येते. गावपातळीवरचा आरोग्य कर्मचारी लक्षणांवरून संशयित रुग्ण नोंदवतो, डॉक्टर तपासून संभाव्य रुग्ण नोंदवतात आणि प्रयोगशाळा खात्री झालेले रुग्ण कळवते. खात्यात यांना ‘एस’, ‘पी’ आणि ‘एल’ फॉर्म म्हणतात. पूर्वी हे कागदावर आठवड्याला एकदा जायचे. २०२१ पासून नोंद संगणकीय पोर्टलवर होते.

एका गावातला ताप नेहमीपेक्षा वाढला, एकाच वस्तीत हगवणीचे रुग्ण निघाले किंवा कॉलऱ्याचा एक जरी रुग्ण सापडला, तरी पथकाने गावात पोहोचायचे असते. वैद्यकीय अधिकारी, साथरोगतज्ज्ञ, प्रयोगशाळा तंत्रज्ञ अशी माणसे या शीघ्र प्रतिसाद पथकात असतात.

पावसाळ्याआधीचे काम तर अगदी हाताशी पाहता येते. गावातला जलसुरक्षक नळाच्या शेवटच्या टोकाचे पाणी काचेच्या नळीत घेतो आणि त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकतो. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन शेवटच्या घरापर्यंत पोहोचले. रंग आलाच नाही तर टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडलेली नाही, किंवा पडलेली पावडर दमट होऊन निकामी झाली आहे. यालाच गावात ‘ओटी टेस्ट’ म्हणतात. स्रोतांच्या पाहणीनंतर ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते आणि सलग पाच वर्षे हिरवे टिकवले तर चंदेरी. वैनगंगेच्या काठच्या, पुरात संपर्क तुटणाऱ्या गावांची यादी वेगळी असते. तिथे औषधसाठा पाऊस सुरू होण्याआधी पोहोचवायचा असतो.

या तयारीची परीक्षा २०२० च्या ऑगस्टअखेर झाली. मध्य प्रदेशातल्या धरणातून सोडलेल्या पाण्याने वैनगंगेला महापूर आला, भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेही कोरोना वाढत असताना. एकीकडे ‘अंतर ठेवा’ म्हणायचे आणि दुसरीकडे शेकडो माणसे एका शाळेत हलवायची. संकटे पाळीपाळीने येत नाहीत, म्हणून पुराचा आराखडा आणि साथीचा आराखडा एकत्रच मांडावा लागतो.

गैरसमज ३ : रुग्णांचा आकडा वाढला म्हणजे खाते नापास, शून्य झाला म्हणजे साथ संपली.

वस्तुस्थिती : आकडा वाचताना तारखाही वाचाव्या लागतात. भंडाऱ्यात एका दिवसातले सर्वाधिक नवे रुग्ण, १,५९६, नोंदले गेले १२ एप्रिल २०२१ रोजी. उपचाराखालील रुग्णांची सर्वाधिक संख्या, १२,८४७, झाली १८ एप्रिलला. एका दिवसातले सर्वाधिक मृत्यू, ३५, झाले १ मे रोजी. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाख होती. म्हणजे एका वेळी साधारण दर शंभरांत एक माणूस बाधित होता.

पहिल्या आणि शेवटच्या तारखेत १९ दिवसांचे अंतर आहे. संसर्ग झाल्यावर लक्षणे यायला काही दिवस, प्रकृती ढासळायला आणखी आठवडा, अतिदक्षता विभागातली झुंज त्याच्या पुढे. म्हणून नवे रुग्ण कमी होऊ लागल्यावरही मृत्यू वाढतच राहतात आणि ‘लाट ओसरली म्हणता, मग माणसे का मरतात?’ हा प्रश्न लोकांना पडतो. खात्यासाठी याचा अर्थ असा, की पुढच्या दोन-तीन आठवड्यांतली खाटांची आणि ऑक्सिजनची गरज आजच्या नव्या रुग्णांच्या आकड्यात दिसत असते. मृत्यू वाढल्यावर हलायचे ठरवले, तर तोवर उशीर झालेला असतो.

शिवाय चाचण्या वाढवल्या की रुग्ण जास्त सापडतात, कमी केल्या की आकडा आपोआप सुंदर दिसतो. म्हणून नुसती संख्या न पाहता शंभर चाचण्यांत किती बाधित निघाले, हे पाहायचे. हे प्रमाण पाचाच्या आत असावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० मधला निकष होता.

६ ऑगस्ट २०२१ रोजी जिल्ह्यातला उपचाराखालचा शेवटचा रुग्ण घरी गेला आणि भंडारा राज्यातला पहिला कोरोनामुक्त जिल्हा ठरला. तोवर १,१३३ माणसे दगावली होती. त्या दिवशी तपासलेल्या ५७८ नमुन्यांत एकही बाधित नव्हता, म्हणून त्या शून्याला किंमत होती. तरीही तो शून्य त्या दिवसापुरता होता. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट राज्यभर आलीच. जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची जागतिक आणीबाणी उठवली ती ५ मे २०२३ रोजी.

गैरसमज ४ : आशाताईला ताप सांगितला की घर सील होते आणि माणसाला उचलून नेतात.

वस्तुस्थिती : ही भीती सुरुवातीच्या दिवसांतून आली. २०२० च्या उन्हाळ्यात एक रुग्ण निघाला की परिसर प्रतिबंधित व्हायचा, बांबू बांधले जायचे, शेजारी तोंड फिरवायचे. विषाणू नवा होता आणि नमुने तपासणीला नागपूरला पाठवावे लागत होते. पुढे नियम बदलले. सौम्य लक्षणे असलेल्यांना घरीच विलगीकरणाची मुभा मिळाली. तोवर मात्र ‘कोविड सेंटरला नेतात आणि किडनी काढतात’ यासारख्या अफवा राज्यातल्या गावोगावी पोहोचल्या होत्या.

या अफवांपेक्षा जास्त नुकसान केले ते दुखणे अंगावर काढण्याने. कोरोनात रक्तातला ऑक्सिजन उतरत असतानाही पुष्कळांना दम लागत नाही, माणूस बोलत-चालत असतो. म्हणून आशाताई बोटाला ऑक्सिमीटर लावत. आकडा ९४ च्या खाली गेला की दवाखाना गाठायचा, हा साधा नियम होता. जो रुग्ण आठ दिवस ‘टायफॉइड असेल’ म्हणत घरी थांबला, तो रुग्णालयात आला तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसे उरले नव्हते.

आशा ही साधारण हजार लोकसंख्येमागे एक असते आणि बहुधा त्याच गावची सून असते. तिच्या वहीत आलेले नाव पुढे जिल्ह्याच्या आकड्यात जाते. दहा घरांनी ताप लपवला, तर जिल्ह्याच्या पडद्यावर ते गाव निरोगी दिसते आणि पथक दुसरीकडे जाते.

गैरसमज ५ : खाटा वाढवल्या की तयारी झाली.

वस्तुस्थिती : खाट ही सगळ्यात सोपी गोष्ट, एका रात्रीत हजार मांडता येतात. अवघड आहे ते तिच्याभोवतीचे. मोठ्या, ‘जम्बो’ सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटर लागणाऱ्या रुग्णाला तो साडेअकरा तास पुरतो. ५० लिटर लागणाऱ्या गंभीर रुग्णाला सव्वादोन तास. असे वीस गंभीर रुग्ण असतील, तर दिवसाला दोनशेवर सिलिंडर लागतात. ते भरायचे, वाहायचे, बदलायचे, आणि रात्री तीन वाजता बदलायला माणूस जागा असायला हवा. म्हणूनच दुसऱ्या लाटेनंतर रुग्णालयांच्या आवारात हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे प्रकल्प आणि द्रवरूप ऑक्सिजनच्या टाक्या उभ्या राहिल्या.

दुसरी गोष्ट माणसांची. कोरोनाच्या वेळी जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. गुंतागुंतीचा रुग्ण नागपूरलाच पाठवावा लागे. भंडाऱ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले.

तिसरी गोष्ट इमारतीची, आणि ती भंडाऱ्याला कोणी सांगायला नको. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. सतरा बाळांपैकी सात वाचली, दहा गेली. यंत्रे वाढली की विजेचा भार वाढतो आणि ऑक्सिजन असलेल्या खोलीत आग झपाट्याने पसरते. रुग्णालयाचे अग्निसुरक्षा परीक्षण आणि वीजतपासणी हाही साथीच्या तयारीचाच भाग आहे. खाटांचा आकडा जाहीर होतो, तेव्हा या दोन तपासण्या कधी झाल्या, हेही विचारले पाहिजे.

गैरसमज ६ : नवे रोग परदेशातून विमानाने येतात, आपल्या खेड्यात कुठून?

वस्तुस्थिती : लहान मुलांच्या मेंदूला सूज आणणारा चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये सापडला तो नागपूरच्या चांदीपुरा भागात. त्या भागाचेच नाव त्याला मिळाले. २००७ मध्ये नागपूर विभागातल्या मुलांत त्याची साथ आली होती. २०१८ मध्ये विदर्भात स्क्रब टायफस वाढला. तो गवताझुडपांतल्या, उंदरांवर जगणाऱ्या बारीक किड्याच्या चाव्याने होतो. धानाच्या बांध्यांत आणि जंगलाच्या कडेला राबणाऱ्या माणसाला तो होण्याची शक्यता विमानतळावरच्या प्रवाशापेक्षा जास्त.

बर्ड फ्लूचेही तसेच. भारतातला त्याचा पहिला उद्रेक २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कोंबड्यांत झाला. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, ते याच विषाणूने. तलावांच्या भंडारा जिल्ह्यात हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात, घरोघरी कोंबड्या असतात, जंगल शेताला लागून आहे. इथे मानवी आरोग्य, पशुसंवर्धन आणि वन या तीन खात्यांनी एकमेकांना वेळेवर कळवणे हीच पहिली तटबंदी. कोंबड्या अचानक मरू लागल्या तर त्या नाल्यात फेकू नयेत, हाताळू नयेत, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत जातात. नीट शिजवलेले चिकन आणि अंडी खायला हरकत नाही. धोका आहे तो आजारी पक्षी उघड्या हातांनी सोलण्यात.

मग आपण काय करायचे?

डिसेंबर २०२२ आणि एप्रिल २०२३ मध्ये देशभरातल्या रुग्णालयांत कोरोनाची रंगीत तालीम झाली. यंत्रे चालतात का, ऑक्सिजन खाटेपर्यंत पोहोचतो का, हे पाहिले गेले. तशी तालीम गावालाही घेता येते. पुढच्या ग्रामसभेत चार प्रश्न विचारा. आपल्या ग्रामपंचायतीला यंदा कोणत्या रंगाचे कार्ड मिळाले? टीसीएलचा साठा किती आणि तो कोरड्या जागी आहे का? उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची जागा भरलेली आहे का? गेल्या महिन्यात गावात तापाचे किती रुग्ण नोंदले गेले? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या. आजाराबद्दल शंका असेल तर १०४, रुग्णवाहिका हवी तर १०८, जनावर किंवा पक्षी आजारी असेल तर १९६२. आणि आशाताईने घरात कोणाला ताप आहे का विचारले, तर खरे उत्तर द्या. जिल्ह्याच्या कक्षातली साथीची पहिली नोंद त्या उत्तरापासूनच सुरू होते.