फळ्यावर नसलेला आकडा

वाळूज गंगापूर तालुक्यात येतं, हे बाहेरच्या माणसाला मुद्दाम सांगावं लागतं. नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना वारं बरोबर असेल तर उकडलेल्या धान्याचा गोडसर वास येतो. तो बिअरच्या कारखान्यांचा. फॉस्टर्स ही ऑस्ट्रेलियन बिअर नव्वदच्या दशकाच्या अखेरीस भारतात बनू लागली, ती इथेच. त्या वासात वाढलेल्या मला संपादकांनी फोनवर विचारलं, "एल आणि लागर यांत फरक काय?" मला सांगता आलं नाही. "मग पुण्याला जा," ते म्हणाले. बिअरच्या गावातून बिअर चाखायला दोनशेहून जास्त किलोमीटर गेलेला मी पहिलाच असेन.

पुण्याला जायचं कारण २००९ सालचं. त्या वर्षी सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ऑलिव्हर शाउफ या जर्मन ब्रुअरला सोबत घेऊन पुण्यात 'डूलाली' सुरू केली. महाराष्ट्रातली ही पहिली मायक्रोब्रुअरी. नाव ऐकायला परदेशी, पण ते आपल्या देवळालीचं आहे. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे सोल्जर देवळालीच्या छावणीत महिनोन् महिने पडून असत. कंटाळ्याने आणि तापाने भ्रमिष्ट होत. त्याला ते 'डूलाली टॅप' म्हणत. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. पुढे इंडिपेंडन्स, एफिनगट, ग्रेट स्टेट एलवर्क्स ही नावं पुण्यात आली, आणि तोटीतून ताजी बिअर देणारे टॅपरूम शहराला सवयीचे झाले.

मी बसलो तो टॅपरूम यांतला नव्हे, धाकटा आहे. काचेपलीकडे स्टीलच्या टाक्या, अलीकडे लाकडी काउंटर. समोर फळीवर पाच छोटे पेले आले. फळ्यावर खडूने प्रत्येक बिअरचं नाव, अल्कोहोलचं प्रमाण आणि कडवटपणाचा आकडा लिहिलेला. चाखायचं फिकीकडून गडदकडे, सौम्यकडून कडूकडे. उलट केलं तर जीभ फसते.

पहिली बेल्जियन विट, ढगाळ. तिच्यात धने आणि संत्र्याची साल. धन्यांचा वास आल्यावर मला आधी आमटी आठवली, मग बिअर कळली. दुसरी हेफेवायझन. तिला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास, पण आत केळंही नाही आणि लवंगही नाही. ही सगळी यीस्टची करामत. तिसरी लागर. ती थंडाव्यात आठवडेच्या आठवडे मुरते, म्हणून स्वच्छ आणि कोरडी. एल उबेत काही दिवसांत आंबते आणि फळांचे वास सोडते. संपादकांच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. चौथी आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल. हॉप्सची फुलं बिअरला कडू करतात आणि टिकवतातही, म्हणून इंग्लंडहून हिंदुस्थानात येणाऱ्या बिअरमध्ये ती जास्त घालत. ही वेल भांगेच्या कुळातली आहे. वास आंब्याच्या चिकाचा, चव कारल्याची. पाचवी स्टाउट, करपवलेल्या बार्लीची, बिनसाखरेच्या कॉफीसारखी.

तेवढ्यात काचेमागे गमबूट घातलेला एक तिशीतला माणूस घमेल्यातून भाताचं तूस टाकीत ओतताना दिसला. बिअरमध्ये तूस कशाला? मी उठून आत गेलो आणि पुढचे तीन तास तिथेच होतो.

तो तिथला ब्रुअर. "काका, आज हेफेचा दिवस," तो म्हणाला, "म्हणजे जेवणाचं काही खरं नाही."

धान्याला मोड आणून ते वाळवायचं, म्हणजे माल्ट. आपल्या घरी नाचणीचं सत्त्व करतात ती हीच रीत. हे माल्ट भरडून साधारण ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं की पिठाची साखर होते. मग ते गोड पाणी गाळून घ्यायचं. इथे खरा खेळ आहे. गाळायच्या टाकीला दोन तळ असतात. वरचा खोटा, बारीक चिरांचा. पण चाळणीचं काम त्या चिरा करत नाहीत, बार्लीची टरफलं करतात. ती तळाशी बसतात आणि त्यांच्यामधून रस झिरपतो. गव्हाला मात्र टरफल नसतं. हेफेमध्ये निम्म्याहून जास्त गहू. ज्यांनी कुरडयांचा चीक हाटला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. लगदा खळीसारखा बसतो आणि धार बंद होते.

म्हणून तूस. ते चव देत नाही, फक्त वाट मोकळी ठेवतं. तरीही त्या दिवशी धार अडली. बघायच्या काचेतला रस करंगळीएवढा झाला, मग दोऱ्याएवढा, मग थेंब. त्याने पंप बंद केला, खालून गरम पाणी सोडून लगदा हलकेच उचलला, लांब दांड्याच्या फळीने वरून रेघा ओढल्या आणि वाट पाहिली. "घाई केली की ओढ बसते, आणखी घट्ट होतं," एवढंच बोलला. वीस मिनिटांनी धार आली. आधी गढूळ, ती त्याने परत वर ओतली, मग मधासारखी. मला त्याने एक घोट दिला. कोमट, गोड, लापशीच्या पाण्यासारखा. मला तो पाचही पेल्यांपेक्षा जास्त आवडला.

अडचणी विचारल्यावर मात्र तो थांबेना. हॉप्स परदेशातून येतात, रुपया घसरला की महागतात. गाळून, तापवून निर्जंतुक न केलेली ही बिअर थंडाव्यातच ठेवावी लागते, लांब पाठवता येत नाही. उत्पादन शुल्क खात्याची नोंदवही लिटरा-लिटराची. पिणाऱ्यालाही १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली अजून परवाना लागतो. "आणि दिवसातला बहुतेक वेळ मी धुतच असतो," तो नळी गुंडाळत म्हणाला.

त्या 'धुण्या'पाशी मी थबकलो. एका लिटर बिअरला पाणी किती?

मोठे आधुनिक कारखाने तीन-चार लिटरांत भागवतात, त्याने सांगितलं. छोट्यांना सहा-सात, कधी जास्तही. टाकी लहान असली तरी धुवायला पाणी लागतंच, आणि आरओचं टाकाऊ पाणी वेगळं. तो जमेल तेवढं वाचवतो. उकळता रस गार करताना तापलेलं पाणी पुढच्या घाण्यासाठी साठवतो. पण हाताने, प्रेमाने केलेली बिअर कमी पाणी पिते, हा माझा समज त्याने तिथल्या तिथे खोडला.

पुणेकराने हे ऐकून सोडून दिलं असतं. मला सोडता येईना. वाळूजच्या कारखान्यांना पाणी जायकवाडी धरणाचं. २०१६ च्या दुष्काळी उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचं पाणी टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कापायला लावलं. इतर उद्योगांना कपात २५ टक्के. धरण आहे त्या पैठणात संत एकनाथांची गोष्ट लहान पोरालाही ठाऊक असते: काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी तहानेल्या गाढवाच्या तोंडी रिती केली. पाणी आधी कोणाला, हा प्रश्न आमच्याकडे इतका जुना आहे.

कारखाने बंद करा, असं मी म्हणत नाही. वाळूजवर तालुक्यातली कितीतरी घरं चालतात. उद्या गंगापूरला कुणी असा टॅपरूम काढला तर मी पहिल्या दिवशी जाईन, हेफे मागवीन आणि तूस वेळेवर घातलं का, तेही विचारीन. फक्त एक करावं. फळ्यावर अल्कोहोल लिहिता, कडवटपणा लिहिता, त्याच खडूने तिसरा आकडा लिहावा: या पेल्याला किती पाणी लागलं. मोठ्या कारखान्यांनीही तो बाटलीवर छापावा. पिणाऱ्याने पेला उचलण्याआधी तो वाचावा, मग हवं तर दुसरा मागवावा.