म्हशींच्या सडांवरील देवी

आमच्या वयाच्या बहुतेकांच्या दंडावर देवीच्या टोचणीचा वण अजून आहे. आमच्या मुलांच्या दंडावर तो नाहीं. भारतांत देवीचा शेवटचा रोगी १९७५ सालीं आढळला व मे १९८० मध्यें सारें जग या रोगापासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. त्यामुळें टोचणीची गरज उरली नाहीं.

या टोचणीचा उगम गोठ्यांतला आहे. गाईच्या सडांवरील फोडांची बाधा झालेल्या गवळणींस देवी येत नाहींत, अशी इंग्लंडांत लोकसमजूत होती. बर्कले गांवचे डॉक्टर एडवर्ड जेन्नर यांनीं १४ मे १७९६ रोजीं अशा एका गवळणीच्या हातावरील फोडांतील द्रव आठ वर्षांच्या मुलास टोचून ती पारखून पाहिली. जून १८०२ मध्यें ही लस मुंबईंत टोचली गेली.

लॅटिन भाषेंत गाईस 'व्हॅका' म्हणतात. त्यावरून लशींतील विषाणूस 'व्हॅक्सिनिया' हें नांव पडलें. परंतु तो गाईच्या देवींच्या विषाणूहून निराळा आहे, हें १९३९ सालीं दिसून आलें. पुढें २०१७ सालीं, १९०२ मध्यें तयार झालेली एक लस तपासली असतां ती घोड्यांच्या देवींशीं अधिक जुळती निघाली. सातबाऱ्यावर नांव एकाचें आणि वहिवाट दुसऱ्याची, असाच हा प्रकार!

शेतकरी बंधूंनीं याकडे लक्ष देण्याचें कारण असें कीं, याच विषाणूचा एक जवळचा भाऊबंद म्हशींस देवी आणतो. २००९ सालीं सोलापूर व कोल्हापूर जिल्ह्यांत ही सांथ आढळली होती. सडांवर व कासेवर फोड येऊन खपल्या धरतात. कास सुजते, दूध घटतें. जनावर सहसा दगावत नाहीं; पण धार काढणाराच्या हातांवरहि फोड उठतात व तापहि येतो. ज्या तरुणांस टोचणी झालेली नाहीं, त्यांच्या अंगीं तिच्यापासून मिळणारें संरक्षणहि नाहीं.

तेव्हां असें जनावर निराळें बांधावें. त्याची धार सर्वांच्या शेवटीं काढावी व नंतर हात साबणानें स्वच्छ धुवावे. हातास चीर किंवा जखम असणारानें त्याच्या कासेस हात लावूं नये. पशुवैद्यास वेळींच बोलवावें. आणि मुख्य म्हणजे, खपल्या झांकून म्हैस बाजारांत उभी करूं नये. चार पैसे पदरांत पडतील खरे, पण रोग शेजाऱ्याच्या दावणीस जाईल आणि तेथून आपल्याच गोठ्यांत परत येईल.