मुंबई ते केप टाऊन : अंतर किती, वाट किती?

रत्नागिरी-रायगडातली कोकणी मुसलमान माणसे केप टाऊनला जाऊन स्थायिक झाली, त्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली. त्या काळी बोटीने आठवडेच्या आठवडे लागत. आता विमान आहे, म्हणून 'एका दिवसात पोहोचतो' असे आपण सहज बोलून जातो. पण गावात कुणाचा इंतकाल झाला की मय्यत ठेवायची की दफन उरकायचे, हे घरच्यांना तासाभरात ठरवावे लागते. तेव्हा या 'एका दिवसा'चा हिशेब मांडून पाहू.

दोन्ही विमानतळांमधले सरळ हवाई अंतर सुमारे ८,२०० किलोमीटर आहे. पण थेट विमान नाही. मध्ये बदलावे लागते. दुबईमार्गे हे अंतर सुमारे ९,६०० किलोमीटर होते. मुंबई-दुबई तीन-सव्वातीन तास, पुढे केप टाऊनपर्यंत साडेनऊ-दहा तास. अदिस अबाबामार्गे सुमारे ९,१०० किलोमीटर पडतात. आधी साडेपाच, मग साडेसहा तास. म्हणजे नुसते हवेतच बारा-तेरा तास जातात.

त्यात मधला थांबा धरा. तो दोन तासांचा असेल, नाहीतर दहाचाही. निघताना तीन तास आधी विमानतळावर हजर राहायचे, मुंबईत उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामान. पुढे रत्नागिरीपर्यंत सुमारे ३४० किलोमीटर रस्ता, म्हणजे आणखी आठ तास. सगळे सुरळीत झाले तरी घर ते घर अठ्ठावीस-तीस तास होतात. आणि हा हिशेब तिकीट हातात पडल्यापासूनचा आहे!

घड्याळाचेही भान ठेवावे लागते. आपण साडेतीन तास पुढे आहोत. फजरनंतर सहा वाजता आपण फोन लावला, तर तिकडे रात्रीचे अडीच वाजलेले असतात.

मग करायचे काय? पासपोर्टची मुदत आणि व्हिसाची कागदपत्रे तपासून ठेवावीत. दोन्ही विमाने एकाच तिकिटावर घ्यावीत. पहिले उशिरा पोहोचून दुसरे चुकले, तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. इथिओपिया पीतज्वराच्या देशांत मोडतो. तिथला थांबा लांबला तर लसीचा दाखला मागितला जाऊ शकतो, आणि हा दाखला लस घेतल्यावर दहा दिवसांनीच ग्राह्य धरतात. ऐन वेळी धावपळ करून तो मिळत नाही.

दफनात विनाकारण उशीर करू नये, ही दीनची शिकवण आपल्याला ठाऊक आहे. कोकणातले बहुतेक लोक शाफई मसलकाचे आहेत, आणि त्यात गायबाना जनाजाची नमाज अदा करता येते. केप टाऊनचा मुलगा तिथल्या मशिदीत आपल्या वालिदांसाठी उभा राहू शकतो. म्हणून तो पोहोचला नाही, याचा ठपका त्याच्यावर ठेवू नये, आणि त्यानेही तो स्वतःवर घेऊ नये.

मात्र एक गोष्ट आपल्या हातात आहे. 'उगाच काळजी करील' म्हणून अम्मी-अब्बांचे दुखणे परदेशातल्या मुलांपासून लपवू नका. तीस तासांची वाट जनाजासाठी फार लांब आहे. पण उशाशी बसून दोन शब्द बोलण्यासाठी ती वेळेत कापता येते. निरोप तेवढा आधी जायला हवा.